कॅमेरामन ते दिग्दर्शक हा प्रवास गोविंद निहलानींनी कसा केला?

उडी मारून नाही. बंगळुरूला छायाचित्रण शिकले, मग छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींचे सहायक. १९७४ च्या ‘अंकुर’पासून ‘निशांत’, ‘मंथन’, ‘भूमिका’, ‘जुनून’ असे दिग्दर्शक श्याम बेनेगलांचे एकामागून एक चित्रपट त्यांनी चित्रित केले. ‘जुनून’च्या छायाचित्रणाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दिग्दर्शनातला पहिला चित्रपट ‘आक्रोश’ १९८० चा, म्हणजे नाव झाल्यानंतरचा.

माझ्या मते खरी मेख लेखकाच्या निवडीत आहे. कॅमेरामन दिग्दर्शक झाला की बहुतेकदा फसतो तो पटकथेत: चौकटी देखण्या, प्रसंग पोकळ. निहलानींनी पटकथेसाठी विजय तेंडुलकरांना घेतलं. ‘निशांत’ आणि ‘मंथन’मुळे त्यांचं लेखन ओळखीचं होतंच. कॅमेरा मात्र स्वतःकडेच ठेवला. त्याचा फायदा ‘आक्रोश’मधल्या आरोपी लहान्या भिकूच्या दृश्यांत बघा: ही भूमिका करणारा ओम पुरी खटला चालू असताना तोंडच उघडत नाही, सगळा भार चेहऱ्यावर आणि डोळ्यांवर. संवादाचा आधार नसताना प्रकाश आणि अंतर किती हवं, हे ज्याच्या हातात मुरलंय त्यालाच हे पेलतं.

पुढे ‘अर्धसत्य’लाही (१९८३) पटकथा तेंडुलकरांचीच, मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची. आधी ‘आक्रोश’ बघा, मग हा.