इंग्लंडात अर्धवेळ शिकून प्राथमिक शिक्षिका व्हायचं तर

प्रिय मुली,

लहान मूल सांभाळून तिकडे प्राथमिक शिक्षिका होता येईल का, असं विचारलंस. येईल. पीजीसीई, म्हणजे पदवीनंतरचं अध्यापनाचं प्रमाणपत्र, आणि क्यूटीएस, म्हणजे शिक्षकी पात्रता, देणारे अर्धवेळ अभ्यासक्रम आहेत. वर्षभराचं शिक्षण ते दीड-दोन वर्षांवर पसरवतात. शाळेतले दिवस मात्र तेवढेच: निदान 120, तेही किमान दोन शाळांत. म्हणून अर्जाआधीच संस्थेला खोदून विचार, शेवटची प्लेसमेंट, म्हणजे शाळेतला सराव, पूर्णवेळ आहे का? बऱ्याच ठिकाणी असते. वर्षभर निभावलेल्या मुली तिथे अडतात, कारण पाळणाघर आठवड्याला तीनच दिवसांचं घेतलेलं असतं.

कागदपत्रं आत्ताच काढायला घे. पदवी भारतातली, तेव्हा परदेशी पदव्या तपासणाऱ्या यूके एनिक या संस्थेचं समकक्षतेचं पत्र लागेल. जीसीएसईला, म्हणजे तिकडच्या दहावीला, इंग्रजी-गणितात 4 श्रेणी हवी हे सगळ्यांना ठाऊक असतं; प्राथमिकला विज्ञानही लागतं, ते विसरतात. आपल्या दहावीचं गुणपत्रक चालेल का, ते संस्था ठरवते. नाहीतर समकक्षता परीक्षा. भारतातला पोलीस दाखलाही मागतील. आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, नसेल तर फी बहुधा परदेशी विद्यार्थ्यांच्या दराने, आकडा लेखी घे. एका वेळी 4 अर्ज करता येतात. अर्धवेळ जागा थोड्या, तेव्हा ऑक्टोबरात अर्ज खुले झाले की लगेच कर.

आता फोनिक्स, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवणं. इथे मराठी जीभ हमखास फसते. आपल्या प्रत्येक अक्षरात अ दडलेला. 'कॅट'चे आवाज सुटे करताना आपण 'क, ॲ, ट' म्हणतो आणि मूल जोडून 'कॲटअ' वाचतं. क् आणि ट् पाय मोडूनच उच्चारायचे. म्, स्, फ् लांबवता येतात. प्, ट्, क् झटक्यात सोडायचे. गळ्यावर बोट ठेवून क् म्हण. कंप जाणवला तर अ शिरलाय. ब्, ड्, ग् मागे तो थोडा येतोच, आखूड ठेव. आणि व: 'व्हॅन'ला वरचे दात खालच्या ओठावर, 'वेट'ला ओठांचा चंबू. इयर वनमध्ये, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात, फोनिक्सच्या चाचणीत 40 शब्द वाचायला देतात, त्यातले 20 निरर्थक. तिथे अंदाज चालत नाही, त्यामुळे तुझा चुकीचा आवाज थेट मुलाच्या वाचनात उमटतो.

पाढ्यांत तू पुढे असशील, पण आपला पाढा 'बे दाहे वीस'वर थांबतो. तिथे बारापर्यंत न्यावा लागतो. इयर फोरच्या, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या, पाढ्यांच्या चाचणीत 25 प्रश्न, उत्तराला प्रत्येकी 6 सेकंद.

क्यूटीएसनंतरची दोन वर्षं ईसीटी, म्हणजे नवशिक्या शिक्षिका, म्हणून काढायची. आठवड्याला तीनच दिवस काम केलंस तर हा काळ त्या प्रमाणात लांबतो. तासिकांत पहिल्या वर्षी 10 आणि दुसऱ्या वर्षी 5 टक्के सूट तुझ्या हक्काची आहे. नोकरी स्वीकारण्याआधी वेळापत्रक मागून ती प्रत्यक्ष दिसते का ते बघ.

त्याआधी जवळच्या शाळेत विचारून इयर वनच्या फोनिक्स तासाला दोन-तीनदा बसून ये. काय ऐकलंस ते कळव.