आयर्लंडच्या हद्दपार स्त्रिया

प्रश्न : आयर्लंडमधून ऑस्ट्रेलियाला हद्दपार केलेल्या स्त्रियांना तिथे कायम तुरुंगातच ठेवत असत का? (एक वाचिका)

उत्तर : नाही. बहुतेकींचा गुन्हा चोरीचा, तोही अनेकदा किरकोळ, आणि शिक्षा मात्र सहसा सात वर्षांची असे. १८३६ नंतर त्यांना डब्लिनच्या ग्रेंजगॉर्मन तुरुंगात ठेवून मग जहाजावर चढवीत, आणि पुढे त्या वसाहतीतील घरांत मोलकरणी म्हणून राबत. मालकाने तक्रार केली किंवा बाईला दिवस गेले, की तिची रवानगी होबार्टच्या कॅस्केड्ससारख्या ‘फिमेल फॅक्टरी’त होई, नाव कारखान्याचे, पण तो तुरुंगच. तिथे कैद्यांच्या सर्वांत खालच्या वर्गातील बाईच्या जाकिटाच्या पाठीवर आणि उजव्या बाहीवर मोठे पिवळे ‘सी’ अक्षर असे. बाळांना लवकर अंगावरून तोडून वेगळे ठेवीत. त्यांतली पुष्कळ दगावत.