शेततळ्यात पाणी मावतं किती?

दहावी, सेलू : सर, क्ष² − ४क्ष − १ = ० चे अवयव तासभर शोधले. पडतच नाहीत.

पडणारच नाहीत, लेकरा. आधी विवेचक, म्हणजे ब² − ४अक, काढ : १६ + ४ = २०. ही पूर्ण वर्ग संख्या नाही, म्हणजे पूर्णांकी अवयव नाहीत. सरळ सूत्र लाव. उत्तर २ ± √५.

नववी, औसा : आमचं शेततळं वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. मी गुणाकार करून २७ लाख लिटर सांगितलं. अण्णा म्हणाले, एवढं मावत नाही. बरोबर कोण?

अण्णा! तुझा गुणाकार बरोबर आहे, आकार चुकला. काठावर उभी राहून बघ, अस्तराचा कागद तिरका खाली उतरतो. उभ्या कडा ढासळतात, म्हणून उतार देतात. मीटरभर खोलीला मीटरभर उतार धरला, तर तळ चारही बाजूंनी ३ मीटर आत सरकतो आणि २४ बाय २४ उरतो. वर ९०० चौरस मीटर, तळाला ५७६.

इथे बरेच जण दोन्हींची सरासरी, ७३८, घेऊन ३ ने गुणतात. पण बरोबर मध्यावर तळ्याची बाजू २७ मीटर असते, तिथलं क्षेत्रफळ ७२९. म्हणजे सरासरी जरा जास्तच सांगते. नेमकी रीत अशी : वरचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ आणि त्या दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ (३० × २४ = ७२०) यांची बेरीज करायची, तिला खोलीने गुणून ३ ने भागायचं. ९०० + ५७६ + ७२० = २१९६; खोली ३ असल्याने २१९६ घनमीटरच राहतात. घनमीटरला हजार लिटर, म्हणजे काठोकाठ भरलं तरी २१ लाख ९६ हजार लिटर. तुझ्या हिशोबात पाच लाख लिटर जास्तीचं होतं. उन्हाळ्यात मोसंबीला त्या भरवशावर ठेवलं असतं तर बाग वाळली असती. दहावीत शंकूछेद, म्हणजे टोक कापलेला शंकू, येईल, त्यामागे हाच विचार आहे.

बारावी, पाथरी : मॅक्झिमाच्या, म्हणजे सर्वात मोठी किंमत शोधायच्या, गणितात डेरिव्हेटिव्ह शून्य का धरतात?

कालव्याकाठी कुंपण घालायचंय, तार १२० मीटर, कालव्याची बाजू मोकळी. रुंदी क्ष घेतली तर दोन बाजूंना २क्ष तार जाते, लांबी १२० − २क्ष उरते आणि क्षेत्रफळ १२०क्ष − २क्ष². क्ष २० ठेव : १६००. ३० ठेव : १८००. ४० ठेव : पुन्हा १६००. आलेख चढला, माथ्यावर पोचला, उतरला. डेरिव्हेटिव्ह म्हणजे त्या चढाचं माप. माथ्यावर ना चढ, ना उतार. म्हणून १२० − ४क्ष = ०, क्ष = ३०. पुढे दुसरा डेरिव्हेटिव्ह −४, ऋण आहे, हेही लिही. खड्ड्याच्या तळाशीसुद्धा चढ शून्यच असतो. आपण माथ्यावर आहोत हे त्या एका ओळीनेच ठरतं.