‘नाईटक्रॉलर’मधील लुईस ब्लूमला शेवटी शिक्षा का होत नाही?

माणसे मरतील अशी व्यवस्था स्वतःच करून त्यांचे चित्रण विकणारा हा कॅमेरामन अखेरीस मोकळा सुटतो, तर दिग्दर्शकाला त्याचे समर्थन करायचे आहे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर नाही असे आहे. लुईसला शिक्षा झाली असती, तर सगळा दोष त्याच्या एकट्याच्या माथी गेला असता आणि ज्यांनी ते चित्रण पैसे मोजून घेतले ते नामानिराळे राहिले असते. (पुढे कथानक उघड होते, त्यामुळे ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी येथे थांबावे.)

डॅन गिलरॉय यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिलाच असलेला हा चित्रपट २०१४ सालचा आहे. त्याची सुरुवात नीट पाहावी. लुईस (जेक जिलनहाल) कुंपणाची जाळी आणि गटारांची झाकणे चोरून विकतो, भावावरून घासाघीस करतो आणि मग त्याच व्यापाऱ्याकडे नोकरी मागतो. व्यापारी माल ठेवून घेतो, पण चोराला कामावर घेणार नाही असे त्याला तोंडावर सुनावतो. पुढे लॉस एंजेलिसमध्ये रात्रभर पोलिसांचे वायरलेस संदेश ऐकत अपघात आणि खुनाच्या जागी धावणारा हाच माणूस वृत्तवाहिनीतल्या नीनाकडे (रेने रूसो) चित्रण घेऊन जातो, तेव्हा मात्र तेथे त्याला शाबासकी मिळते. चोराला चोर म्हणतो तो चोरीचाच माल घेणारा माणूस; हा विनोद फार कडू आहे.

मी सोलापुरात लग्नसमारंभांचे चित्रण करतो, त्यामुळे माझे लक्ष लुईसच्या कॅमेऱ्याकडे अधिक गेले. गोळीबार झालेल्या एका घरात शिरून तो फ्रिजवरची कुटुंबाची छायाचित्रे सरकवून गोळ्यांच्या खुणांशेजारी आणतो, कारण एकाच चौकटीत दोन्ही हवे असतात. लग्नात आम्हीही चांगला कोन मिळाला नाही तर नवरा-नवरीला हार पुन्हा घालायला लावतो, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पण लुईस तेथे थांबत नाही. एका अपघातात तो मृतदेह ओढून उजेडात आणतो. नंतर जो लोडर या प्रतिस्पर्ध्याच्या गाडीत बिघाड करून ठेवतो आणि तो अपघातात सापडल्यावर त्याचेच चित्रण करतो. आणि शेवटी एका बंगल्यातल्या हत्याकांडाचे चित्रण केल्यामुळे खुनी कोण हे ठाऊक असूनही पोलिसांना लगेच न सांगता, गोळीबार कोठे आणि केव्हा व्हावा हेच ठरवतो, ज्यात त्याचा मदतनीस रिक (रिझ अहमद) मारला जातो. या प्रत्येक पायरीनंतर त्याच्या चित्रणाची किंमत वाढतच जाते, आणि ते दाखवताना चित्रपट कोठेही आवाज चढवत नाही.

पूर्वी काही काळ मी एका वाहिनीच्या जिल्हा प्रतिनिधीसाठी कॅमेरा धरत असे. पगार नव्हता, बातमी लागली तर पैसे. पुणे रस्त्यावर मोहोळच्या बाजूला अपघात झाल्याचे कळवले की मुंबईहून पहिला प्रश्न येई, “ट्रॅव्हल्स आहे की दुचाकी?” दुचाकी असेल तर बहुधा तेथेच विषय संपे. विचारणारी माणसे वाईट नव्हती, पण कोणत्या मरणाला जागा मिळते हे आम्हाला त्या प्रश्नातून न सांगता समजत असे. नीना तर ते स्पष्टच सांगते: बळी सुखवस्तू वस्तीतला गोरा माणूस असावा आणि गुन्हेगार गरीब किंवा अल्पसंख्याक असावा. म्हणून हत्याकांड झालेल्या त्या बंगल्यात अमली पदार्थ सापडल्याची माहिती हाती आल्यावरही ती बातमीत घेत नाही, कारण त्यामुळे ‘तुमच्याही घरात कोणी घुसेल’ ही भीती ओसरली असती. लुईस निदान चौकटीतल्या वस्तू हलवतो. नीना अख्खी घटनाच बदलून टाकते.

आता शिक्षेबद्दल. कथेच्या अंगाने पाहिले तर पोलीस अधिकारी महिलेला संशय असतो, पण लुईसने पोलिसांना दिलेल्या चित्रणातून खुन्यांचे चेहरे आधीच काढून टाकलेले असतात, त्यामुळे पुरावा उरत नाही. शिवाय नीनाला आणि वाहिनीला तो पकडला जायला नकोच आहे. आपल्याकडे २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्याच्या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये कसाबच्या खटल्याचा निकाल देताना कठोर शब्दांत टीका केली, आणि २०१५मध्ये केबल वाहिन्यांच्या नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना तिचे थेट चित्रण दाखवण्यास मनाई झाली. हे बंधन दाखवणाऱ्यावर आहे, रस्त्यावर कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या माणसावर नाही, आणि ते मला योग्य वाटते.

तेव्हा असा शेवट दाखवणे योग्यच आहे, असे माझे मत आहे. फक्त शाळकरी मुले सोबत असताना हा चित्रपट लावू नये. लुईसचे यशाचे सल्ले इतके गोड आणि तर्कशुद्ध आहेत की त्या वयात ते खरे वाटण्याची शक्यता अधिक.