पंप बदलूनही स्टेअरिंग जड? आधी ऑइलच्या टाकीची जागा बघा

जुनी जीप, रुंद टायर, बोलेरोचा पॉवर स्टेअरिंगचा पंप बसवलेला. सकाळी स्टेअरिंग हलकं, पण साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट अर्धा चढला की वळणावर घूं-घूं आवाज आणि हात दुखेपर्यंत जड. दुसरा पंप टाकूनही तेच. तुमचं हे वर्णन वाचलं आणि दुखणं लगेच ओळखलं, याच दुखण्यापायी माझेही दोन पंपांचे पैसे गेलेत. गाडी समोर नाही, तेव्हा हे अंदाज म्हणूनच घ्या.

बेल्टचा ताण, ऑइलची पातळी तुम्ही पाहिलीच असेल. पंपाला सध्या हात लावू नका. घाटातून आल्यावर इंजिन बंद करून लगेच स्टेअरिंग ऑइलच्या टाकीचं झाकण उघडा. ऑइल दुधाळ किंवा फेसाळ दिसलं तर पंप हवा ओढतोय. ही हवा येते टाकी ते पंप या पाइपमधून. तिथे दाब नसतो, ओढ असते. म्हणून ऑइलचा थेंबही बाहेर पडत नाही आणि कुणाला संशय येत नाही. टाकीचं झाकणही न उघडता "पंप गेला" असं सांगणाऱ्या गॅरेजवाल्यांचा मला मनापासून राग आहे. गिऱ्हाईक हजारो रुपये मोजतं आणि दोष आहे तिथेच राहतो.

दुसऱ्या गाडीचा पंप बसवण्याच्या अशा जोडकामात चुका ठरलेल्या असतात. जागा मिळाली म्हणून टाकी बॅटरीच्या बाजूला खाली बसवतात. ती पंपाच्या तोंडापेक्षा वर हवी. पाइप म्हणून रेडिएटरच्या पाइपचा तुकडा लावतात. तो ऑइलने मऊ पडतो, तापला की ओढीने चपटा होतो, म्हणूनच तुमचा त्रास अर्ध्या घाटात सुरू होतो. ऑइलला टिकणारा पाइपच घ्या, आतला व्यास पंपाच्या नळीइतका, लांबी कमीत कमी. क्लिप जिवाच्या आकांताने आवळू नका, रबर कापलं जातं. स्टेअरिंगकडून परत येणारं ऑइल टाकीत पातळीच्या खाली पडलं पाहिजे, वरून पडलं तर फेस होणारच.

खात्रीसाठी इंजिन चालू ठेवून टाकी ते पंप या पाइपच्या जोडांवर ब्रशने थोडं ऑइल लावा. क्षणभर आवाज बदलला तर जोड सापडला. हात आणि बाही बेल्टपासून लांब ठेवा.

पाइप बदलल्यावर पुढची चाकं जॅकवर घ्या, गाडी स्टँडवर टेकवा. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश 20 वेळा फिरवा, ऑइल भरत राहा. मग इंजिन चालू करून तेच करा. टोकाला 5 सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका. फेस राहिला तर तासभर थांबून पुन्हा. ऑइल या पंपासाठी सांगितलेलंच वापरा. ब्रेक ऑइल चुकूनही नको, सील फुगतात.

चाकं उचललेली असतानाच ड्रॅग लिंक (स्टेअरिंगला चाकांशी जोडणारा दांडा) सोडून चाकं हाताने वळवा. तरीही जड लागली तर किंगपिन (चाक ज्यावर वळतं त्या खुंट्या) कोरडे आहेत, तिथे ग्रीस हवं. फार बाहेर आलेल्या रिम्सनीही स्टेअरिंग जड होतं, ते पंपाच्या माथी मारू नका. पावसाळ्यात कासकडे जाताना वळवताना किंचाळल्यासारखा आवाज आला तर तो बहुधा भिजून घसरणारा बेल्ट असतो.

टाकी वर घेतल्यावर तोच घाट पुन्हा चढा आणि गरम असतानाच ऑइल बघा. फेस नसेल आणि तरी जड असेल, तरच पंप उघडा.