अ‍ॅन्सिसमध्ये (भागांवरचा ताण काढायचं सॉफ्टवेअर) फ्रिक्शनल कॉन्टॅक्ट कन्व्हर्ज होत नाही, म्हणजे गणित उत्तरापर्यंत पोचत नाही, बाँडेडला लगेच उत्तर येतं. बोल्टच्या जॉइंटला बाँडेडच ठेवलं तर चालेल का?

नाही चालत. बाँडेड म्हणजे दोन भाग पक्के चिकटलेले धरणं, फ्रिक्शनल म्हणजे नुसते टेकलेले, घासत सरकू किंवा सुटू शकणारे. वेल्ड असेल तर बाँडेड ठेवा. सॉफ्टवेअर आपणहून बाँडेड लावतं म्हणून तेच बरोबर, असं समजणारे मला फार भेटलेत.

धुळ्याच्या एमआयडीसीत असताना आमच्याकडे जिनिंगमधल्या प्रेसचा एक ब्रॅकेट आला होता, रुईच्या गाठी बांधतात ती प्रेस. चार एम-१६ बोल्टांवर फ्रेमला धरलेला. मी फ्रिक्शनल लावून, बोल्टना प्रीटेन्शन (आवळल्यावर बसणारा ताण) देऊन मॉडेल केलं. लोड आला की ब्रॅकेटची वरची कड फ्रेमपासून सुटत होती आणि वरच्या दोन बोल्टांवर ताणासोबत वाकही येत होता. बाहेरून बोलावलेले सल्लागार म्हणाले, "एवढ्याशा जॉइंटला नॉनलिनियर कशाला? सगळं बाँडेड कर अन् संध्याकाळी रिपोर्ट दे." बाँडेडमध्ये बोल्टचा स्ट्रेस छान कमी आला. येणारच! दोन पृष्ठभाग चिकटवून टाकले की ते उघडतच नाहीत, ताण सगळा त्यांच्यातूनच जातो, बोल्टच्या वाट्याला उरतं काय? पण रिपोर्ट तोच गेला.

कापसाचा सीझन लागला, प्रेस दोन पाळ्यांत चालू लागली आणि आमच्या फिटर नानांचा फोन आला, "भाऊ, आठे लाल भुकटी निंघी राह्यनी." लोखंडावर लोखंड बारीक घासत राहिलं की ही तांबूस भुकटी निघते. जॉइंट सरकत होता. पुढे वरचा एक बोल्ट नटाजवळच्या पहिल्याच आट्यात तुटला.

तुमच्यासाठी: आधी कॉन्टॅक्ट टूलमध्ये सुरुवातीचा स्टेटस बघा. फट राहून पार्ट मोकळा असेल तर ॲडजस्ट टू टच द्या. पहिल्या स्टेपला फक्त प्रीटेन्शन (८.८ ग्रेडच्या एम-१६ ला सुमारे ६८ किलोन्यूटन), दुसऱ्या स्टेपला बोल्ट लॉक करून लोड, तोही सबस्टेप पाडून, म्हणजे थोडा थोडा करत. तरीही अडलं तर नॉर्मल स्टिफनेस (पृष्ठभाग एकमेकांत घुसायला होणारा विरोध) ०.१ करा, पण मग पेनेट्रेशन, म्हणजे ते एकमेकांत किती घुसले, तपासाच.

जॉइंटपासून लांबचा स्ट्रेस हवा असेल किंवा मॉडेल नीट जोडलंय का एवढंच बघायचं असेल, तर बाँडेड चालतं, मीही लावतो. पण बोल्ट टिकेल की नाही ते त्यावरून सांगायचं नाही. कुणी मोठा माणूस सांगत असेल तर त्याच्याकडे कॉन्टॅक्ट प्रेशरचा प्लॉट मागा. बाँडेडमध्ये वरच्या कडेला प्रेशर निगेटिव्ह दिसेल, म्हणजे दोन प्लेटा एकमेकींना ओढून धरतायत. नुसत्या टेकलेल्या प्लेटा असं कधीच करत नाहीत. त्या सल्लागारांपुढेही मी हाच प्लॉट ठेवला होता, आजही ठेवीन.