स्टिअरिंगमधला खडखडाट: आधी टाय रॉड एंड बघा

जुन्या गाडीचं स्टिअरिंग खडखडतंय? घाबरू नका, हे होतंच. पण लगेच स्टिअरिंग बॉक्सवर (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणाऱ्या गिअरच्या पेटीवर) संशय घेऊ नका. नवशिके तिथेच फसतात.

पुढची बाजू उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. चाक घड्याळातल्या ३ आणि ९ वर धरून हलवा, दुसऱ्याला टाय रॉड एंडवर (स्टिअरिंगचा दांडा चाकाकडे जोडणाऱ्या सांध्यावर) बोट ठेवायला सांगा. सांधा ढिला असेल तर बोटाला टकटक लागते. खेळ (ढिलेपणा) १२ आणि ६ वर जाणवला, तर बॉल जॉइंट (चाक सस्पेन्शनला जोडणारा सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग बघा. सांध्यावरचा रबरी बूट (टोपण) फाटलाय? मग तो सांधा जास्त दिवसांचा सोबती नाही.

बदलताना:
- लॉक नट (एंड जागच्या जागी घट्ट ठेवणारा नट) आधी थोडाच सैल करा, मग जुना एंड काढताना आटे मोजा. नवा तेवढेच आटे बसवा. (मी पहिल्यांदा विसरलो, गाडी खेकड्यासारखी चालली.)
- हातोडा बोल्टच्या टोकावर नको, नकलच्या (टाय रॉड एंडचा बोल्ट ज्यात बसतो त्या चाकाकडच्या भागाच्या) बाजूवर मारा.
- स्प्लिट पिन (नट सैल होऊ नये म्हणून बोल्टच्या भोकातून घालायची पिन) नवीच. भोक जुळत नसेल तर नट आणखी आवळा, सैल करू नका.

नंतर अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) करून घ्याच.